समाईक

टिका नंबर अकरा. चरईतली ही आळी
नकाशावर माझ्या करंगळीएवढी.
मी फीत सोडतो, साळवी दुसरं टोक धरतो,
आणि घरं शिंप्यापुढे उभी राहावीत तशी
श्वास रोखून ताठ होतात.

मिळकत पत्रिकेवर पहिलं नाव
हाइम अबाजी आपटेकर. धंदा : तेलाचा घाणा.
शनिवारी बैल सुटलेला असायचा,
तेव्हा आळीला वार कानांनी कळायचा.
दाराच्या उजव्या बाहीवर, खांद्याच्या उंचीला
दोन भोकं, एकाखाली एक, किंचित तिरकी.
पुढच्या मालकांनी रंग दिले. नखाने खरवडून
मी सात थर मोजले, खाली पिस्त्याचा हिरवा.
भोकं कुणीच बुजवली नाहीत.
का, ते लिहायला आमच्याकडे रकाना नाही.

समोर त्र्यंबक सखाराम रणदिवे,
कलेक्टर कचेरीत कारकून.
पाया घातला आणि पैसे संपले.
तीन पावसाळे पायाच होता नुसता,
त्यात बाईंनी कोथिंबीर लावली.
चौथ्या वर्षी भिंती आल्या.
ही माहिती पत्रिकेत नाही,
मला त्यांच्या पणतीने सांगितली, जिन्यावर,
मोबाइल कानाला धरूनच.

आणि टोकाला इनास पास्कू मिरांडा, गवंडी.
दोन्ही घरं त्यानेच बांधली.
उरल्यासुरल्या दगडांतून स्वतःचं.
म्हणून त्याची एक भिंत आपटेकरांची वाटते,
एक रणदिव्यांची,
आणि मधे कुठेतरी त्याची स्वतःची,
जरा वाकडी.

माणूस गेला की आम्ही नाव खोडत नाही.
कंस करतो. अलीकडे एक रेघ वाकवायची, पलीकडे एक.
आत नाव शाबूत राहतं, फक्त
हाक मारली तर ओ देत नाही.
या आळीत मी एकट्याने चाळीस-एक कंस केले असतील.
काही घाईत, जेवणाच्या सुट्टीआधी.

आज मोजायचा आहे तो बोळ.
तिन्ही घरं एकत्र होणार, वर बावीस मजले.
विकासकाचा पोरगा नम्र आहे, पाणी आणून देतो.
म्हणतो, साहेब, हा पट्टा कुणाचाच नाही ना?
मी म्हणतो, समाईक आहे.
तो म्हणतो, तेच ते.

तेच ते नाही.
काल संध्याकाळी जुनी चौकशी नोंदवही काढली होती.
मोडी मला अडखळत येते, बोट फिरवत वाचलं :
*उभयतांनी आपले हद्दीतून दोन दोन हात सोडिले.
मौताचे वेळी चौघांस खांदा देऊन
सरळ निघता यावे येणेप्रमाणे.*
खाली एक सही, एक सही,
आणि एक अंगठा, चुन्याने भेगाळलेला असावा,
कारण रेषा मधेच तुटतात.

तेल्याने आणि कारकुनाने
घर बांधायच्या आधीच
घरातून निघायचं माप घेतलं होतं.
एकमेकांच्या जाण्याला
आपली दोन-दोन हात जमीन दिली होती.

फीत लावली. एक मीटर ऐंशी.
कोपऱ्यावर मात्र जमेना.
साळवी ओढतो, मी ढिली सोडतो, पुन्हा ओढतो,
दर वेळी दोन बोटांचा फरक.
शेवटी हात फिरवून पाहिला :
दोन्ही बाजूंचा कोपऱ्याचा दगड
खांद्याच्या उंचीवर गोल घासलेला.
वर धार आहे. खाली धार आहे.
तेवढाच पट्टा गुळगुळीत.
हे इनासला कुणी सांगितलं नसणार.
वळताना कुणाचं कोपर लागू नये, एवढंच
त्याने एका दुपारी बसून छिन्नीने ठरवलं असेल.

पोरगा विचारतो, झालं का?
साळवी फीत गुंडाळतो, चहाचं बघतो.
मला ठाऊक आहे बोळाचं काय होणार ते.
बावीस मजल्यांना लिफ्ट असेल, स्ट्रेचर मावेल अशी,
नियमच आहे तसा.

शेऱ्याच्या रकान्यात जागा कमी असते.
मी बारीक अक्षरात लिहितो :
दोन बोटांचा फरक. मोजणीत चूक नाही.
कायम ठेवावा.